नामिबियात तंबूत राहायचं, तर...

सेसरिएमच्या कॅम्पवरच्या पहिल्या रात्री माझ्या अंगात दोन टी-शर्ट, स्वेटर आणि विंडचीटर होतं, पायात मोज्यांचे दोन जोड होते, तरी पहाटे तीनला दात वाजत होते. जुलै महिना, नामिबचं वाळवंट. "आफ्रिकेत कसली आलीय थंडी?" असं म्हणून लोकरीची टोपी मी पुण्यातच कपाटात ठेवून आलो होतो.

आपल्याकडून जाणारी बहुतेक मंडळी उन्हाची आणि सिंहाची तयारी करून जातात. तिथे उपयोगी पडते ती थंडीची तयारी आणि एका जागी गप्प बसायची तयारी. बाकीचं बरंचसं गाइड सांभाळून घेतो.

पायरी १: कुठल्या प्रकारची सहल

नामिबिया बघायच्या तीन तऱ्हा आहेत. टपावर तंबू असलेली गाडी भाड्याने घेऊन स्वतः चालवायची, लॉजमध्ये उतरून आरामात हिंडायचं, किंवा गाइड, ड्रायव्हर आणि स्वयंपाकी असलेल्या ट्रकमधून दहा-बारा जणांनी मिळून तंबूत राहत फिरायचं. कधी गाइड आणि ड्रायव्हर एकच माणूस असतो, आणि स्वयंपाकही तोच करतो. पहिल्यांदा जाणार असाल तर मी तिसरीच तऱ्हा घ्या म्हणेन.

कारण अंतरं. देशाचं क्षेत्रफळ सव्वाआठ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या अडीचपटीहून जास्त, आणि माणसं सगळी मिळून जेमतेम ३० लाख. राजधानी विंडहोक सोडलं की थोड्याच वेळात डांबर संपतं आणि खडीचा रस्ता लागतो. गाड्यांच्या चाकांनी त्याला पन्हाळी पत्र्यासारख्या वळ्या पडलेल्या असतात. त्यावर गाडी थरथरत राहते आणि वेग जरा वाढला की घसरते. टायर फुटला तर पुढची गाडी तासाभराने येईल, किंवा येणारही नाही. अशा रस्त्यावर पहिल्याच खेपेला स्वतः जॅक लावायची हौस असेल तर वेगळी गोष्ट.

बुकिंग करताना तीन गोष्टी लेखी विचारा. स्लीपिंग बॅग आपली की त्यांची (गादी बहुधा ते देतात, बॅग बहुधा आपण न्यायची). उद्यानांची प्रवेश फी दरात धरली आहे का. आणि काही कंपन्या दराचा एक भाग तिथे पोचल्यावर रोख मागतात, तशी भानगड आहे का. आमच्या कंपनीने ही तिसरी गोष्ट पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापली होती. पहिल्याच सकाळी सगळा ट्रक एटीएमसमोर रांगेत उभा!

पहिल्या खेपेला आठ ते दहा दिवसांचा फेरा पुरतो: विंडहोक, सेसरिएम, स्वाकोपमुंड, श्पिट्सकोपं, एटोशाचं अरण्य आणि परत विंडहोक. याच्या आत बसवलेला फेरा दिसला तर सोडून द्या. सगळे दिवस ट्रकच्या खिडकीतच जातील.

पायरी २: महिना ठरवणं

मे ते ऑक्टोबर कोरडा काळ. पाऊस नसतो, गवत वाळतं, रानातली डबकी आटतात आणि जनावरं मोजक्या पाणवठ्यांवर येऊ लागतात. जून ते ऑगस्ट दिवसा हवा छान असते, रात्री मात्र वाळवंटात पारा शून्याजवळ जातो. ऑक्टोबरमध्ये पाणवठ्यांवर सगळ्यात जास्त गर्दी असते, पण ऊन चाळिशीला टेकतं. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी हे धरून चालावं. मुलांची शाळा असेल तर मेचा शेवटचा आठवडा उत्तम.

महिना ठरला की पंचांग काढा आणि वाळवंटातल्या रात्री अमावस्येच्या आसपास येतील असं बघा. जुलैत रात्री नऊ-दहाला अख्खा वृश्चिक डोक्यावर असतो, नांगी मोजता येते, आणि आकाशगंगेचा उजेड पडल्यासारखा वाटतो. ध्रुवतारा शोधू नका. तो तिथून क्षितिजाखाली असतो.

पायरी ३: कागद आणि डॉक्टर

भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो. तो कसा आणि कुठे मिळतो याचे नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढायच्या आधी वकिलातीकडून खात्री करून घ्या. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी, कोरी पानं हवीत. मुलं बरोबर असतील तर जन्मदाखले ठेवा.

विमान कुठून जातं याला फार महत्त्व आहे. मुंबईहून अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे जाणार असाल तर तिथे मधे किती तास थांबायचं आहे ते बघा. इथिओपिया आणि केनिया हे पीतज्वराचे देश. तिथला मुक्काम लांबला तर पुढे नामिबियात आणि परतताना भारतातही लसीचं पिवळं कार्ड विचारलं जाऊ शकतं. लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते. ती एकदा घेतली की जन्मभर चालते, त्यामुळे मी म्हणतो घेऊनच टाका.

मलेरियाबद्दल आपल्या लोकांचा एक भ्रम आहे: "आपल्याकडे डास काय कमी आहेत?" आफ्रिकेतला मलेरिया मुख्यतः फाल्सिपेरम जातीचा, म्हणजे सगळ्यात घातक. वाळवंटात आणि किनाऱ्यावर धोका नाही म्हटलं तरी चालेल. एटोशा आणि त्याच्या उत्तरेला, विशेषतः पावसाळ्यात, असतो. तारखा आणि गावं सांगून गोळ्यांचं डॉक्टरांनाच विचारा.

पायरी ४: बॅग

चाकांची कडक सूटकेस नेऊ नका. ट्रकमधल्या लॉकरमध्ये ती बसत नाही आणि वाळूत चाकं फिरत नाहीत. मऊ डफल बॅग, बहुतेक ठिकाणी १५ ते २० किलोंची मर्यादा.

आता कपडे. शून्य अंशाला चालणारी स्लीपिंग बॅग, थर्मलचा एक जोड, कानटोपी (आजीची माकडटोपीसुद्धा चालेल, तिथे हसायला कोणी नाही), फ्लीस, वाऱ्याचं जाकीट, हातमोजे. दिवसासाठी खाकी, मातकट, राखाडी रंगाचे सुती कपडे, रुंद काठाची टोपी, सनस्क्रीन. धुवून वाळवायला ऊन भरपूर असतं, म्हणून तीन जोड पुरतात. पांढरं काही नेलंत तर ते दुसऱ्या दिवशी चहाच्या गाळण्याच्या रंगाचं होईल.

हेडटॉर्च हवाच. मोबाइलचा उजेड तोंडात धरून तंबूची चेन लावता येत नाही. दुर्बीण माणशी एक. नवरा-बायकोत एक नेली की जिराफ एकालाच दिसतो आणि दुसऱ्याला त्याचं वर्णन ऐकू येतं. कॅमेऱ्यासाठी चेनच्या प्लास्टिक पिशव्या घ्या आणि वाळवंटात उघड्यावर लेन्स बदलू नका.

चार्जिंगची एक गंमत. तिथल्या भिंतीतलं सॉकेट तीन जाड गोल पिनांचं असतं, अगदी आपल्या गीझरच्या प्लगसारखं. दुकानातला 'युनिव्हर्सल' अडॅप्टर बऱ्याचदा त्यात बसत नाही. घरातली १६ अँपियरच्या प्लगची एक्स्टेन्शन नेलीत तर कॅम्पवर तुमच्याभोवती गर्दी जमेल.

पैशांचं सोपं आहे. नामिबियन डॉलर आणि दक्षिण आफ्रिकेचा रँड यांचा भाव एकास एक, आणि नामिबियात रँड सर्रास चालतो. उलटं मात्र होत नाही, म्हणून उरलेले नामिबियन डॉलर निघायच्या आधी संपवा.

पायरी ५: तंबू

पहिल्या दिवशी गाइड एकदाच करून दाखवतो, पुढे रोज आपलं आपण. जाड कॅनव्हासचा दोन माणसांचा तंबू असतो, चांगला वजनदार. क्रम असा: आधी जागा बघा. काटे, गोटे उचला आणि मुंग्यांच्या वाटेवर बस्तान मांडू नका. खालचं कापड अंथरा. दार वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला ठेवा. दांड्या जोडून तंबू उभा करा आणि मगच खुंट्या ठोका. वाऱ्याच्या बाजूची खुंटी पहिली. वाळूत खुंटी तिरकी ठोकायची, डोकं तंबूपासून बाहेरच्या दिशेला. दुपारी वारा नाही म्हणून खुंट्या न ठोकणाऱ्यांचे तंबू संध्याकाळी पळताना मी पाहिले आहेत. त्यातला एक माझाच होता.

आणि झाडाखाली जागा मिळाली तर वर बघा. उंटकाटा बाभळीच्या लांब काट्यांपुढे पातळ हवेच्या गादीचा टिकाव लागत नाही.

तंबूचे रात्रीचे नियम कमी आहेत, पण ते मोडायचे नाहीत. चेन पूर्ण बंद, खाली बोटभर फटसुद्धा नको. खायचं काही आत ठेवायचं नाही, टूथपेस्ट आणि सुगंधी क्रीमही शक्यतो ट्रकमध्ये. बूट आत घ्यायचे. हे विंचवासाठी आहेच, त्याहून जास्त कोल्ह्यासाठी आहे. काळ्या पाठीचा कोल्हा रात्री कॅम्पमध्ये हिंडतो आणि चामड्याचा बूट तोंडात धरून चालू पडतो. आमच्यातल्या एकाचा डावा बूट सकाळी दोनशे पावलांवर सापडला, जीभ खाल्लेला. पुढचे चार दिवस तो चपलेवर होता.

रात्री बाहेर जायची वेळ आलीच, तर आधी आतूनच कानोसा घ्या. मग चेन अर्धी उघडून टॉर्च सावकाश गोल फिरवा. उजेडात चमकणारे डोळे दिसले तर पोटाला थोडं थांबायला सांगा. एटोशातल्या कॅम्पना कुंपण आहे, बोत्स्वानातल्या कित्येक रानकॅम्पना नाही. तिकडे गाइडला उठवल्याशिवाय बाहेर पडायचं नाही.

पायरी ६: ट्रकवरचा दिवस

पहाटे पाच-साडेपाचला उठायचं, अंधारातच तंबू आवरायचा, कॉफी, टोस्ट, आणि निघायचं. भांडी, भाजी चिरणं, ट्रक झाडणं यांच्या पाळ्या लागतात. भांडी पुसायला फडकं नसतं. सगळ्यांनी गोल उभं राहून ताटल्या हवेत झटकून वाळवायच्या, कारण ओलं फडकं म्हणजे जंतूंचं घर. पहिल्या दिवशी वेडगळ वाटतं, तिसऱ्या दिवशी तोच गप्पांचा अड्डा होतो.

जेवण बरं असतं. निखाऱ्यावर भाजणं, ज्याला तिथे ब्राय म्हणतात, आणि तीन पायांच्या बिडाच्या भांड्यात तासन् तास शिजलेला रस्सा. मक्याच्या पिठाचा 'पाप' नावाचा पदार्थ आपल्या उकडीची आठवण करून देतो, फक्त त्यात फोडणी नाही. शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळी सांगा आणि मासे, चिकन, अंडी यांची नावं घेऊन सांगा. नुसतं 'व्हेज' म्हटलं की काही जण चिकन त्यात धरतात. आमच्याबरोबर नागपूरचे एक काका-काकू होते. काकूंनी मेतकूट आणि लसणाच्या चटणीची पुडी आणली होती. चौथ्या दिवशी स्वयंपाक्याने ती चटणी भोपळ्यावर भुरभुरवली आणि मग उरलेली पुडी मागूनच घेतली. सीलबंद कोरडं खाणं न्या. मांस, दूध-दही, फळं, बिया नकोत. देशांच्या सीमांवर आणि खुद्द नामिबियातल्या पशुरोग-नियंत्रणाच्या नाक्यांवरही तपासणी होते.

विंडहोकला नळाचं पाणी बिनधास्त प्या. त्या शहरात १९६८ पासून सांडपाणी शुद्ध करून पिण्याच्या पाण्यात मिसळतात. हे आधी कळलं असतं तर काका प्याले नसते. बाहेर पडल्यावर माणशी रोज तीन लिटर धरून मोठे कॅन घ्यायचे.

पायरी ७: वाळू

सोसुसफ्लाय, म्हणजे नामिबमधला लाल वाळूच्या टेकड्यांचा भाग, बघायचा तर मुक्काम सेसरिएमच्या मुख्य फाटकाच्या आतल्या कॅम्पवर हवा. आत राहणाऱ्यांना सूर्योदयाच्या तासभर आधी सोडतात, बाहेरच्यांना सूर्योदयाला. तेवढ्या तासावर सगळा खेळ आहे, कारण 'ड्यून ४५' ही टेकडी फाटकापासून ४५ किलोमीटरवर आहे (नाव त्यावरूनच), आणि वाळूच्या एका अंगाला लाल ऊन, दुसऱ्या अंगाला काळी सावली हे दृश्य फार वेळ टिकत नाही.

चढायचं कडेच्या धारेवरून, पुढच्याच्या पावलात पाऊल टाकत. एक पाऊल पुढे, अर्धं मागे. पळत जाणारे पन्नास पावलांत बसतात. सिंहगड चढून सवय आहे म्हणणाऱ्यांचं इथे काही चालत नाही, वाळूचं गणित वेगळं. उतरताना मात्र धार सोडून उतारावर टाचा रुतवत सरळ खाली.

डांबरी रस्ता ६० किलोमीटरवर संपतो. पुढचे पाचेक किलोमीटर खोल वाळू, तिथून फोर-बाय-फोर गाडी नेते. मग किलोमीटरभर चालत डेडफ्लाय. पांढरी भेगाळलेली जमीन आणि त्यात उभी काळी झाडं. उंटकाटा बाभळीच आहेत त्या. त्साउखाब नदीची वाट वाळूने अडवली, पाणी थांबलं आणि सहाशे-सातशे वर्षांपूर्वी झाडं मेली. हवा इतकी कोरडी की ती कुजली नाहीत, नुसती उन्हाने करपून उभी राहिली. त्यांना हात लावायचा नाही, टेकायचं नाही. सव्वातीनशे मीटरच्या आसपासची 'बिग डॅडी' शेजारीच आहे. ती चढायची असेल तर दहाच्या आत खाली या. दुपारी वाळू चपलेतूनही चटका देते.

पायरी ८: मधले दिवस

स्वाकोपमुंडला अंघोळ करा, कपडे धुवा, किराणा भरा. समुद्रात थंड बेंग्वेला प्रवाह असल्यामुळे गावावर सकाळी धुकं आणि दिवसभर गारठा. केप क्रॉसला हजारो सील बघायला जाणार असाल तर रुमालाला विक्स लावा. फोटोत वास येत नाही एवढंच. श्पिट्सकोपंला ग्रॅनाइटच्या घुमटांखाली तंबू टाकायचा; तिथे वीज नाही, संडास साधे खड्ड्याचे, आणि माझ्या मते सगळ्या फेऱ्यातला सगळ्यात सुंदर मुक्काम तोच.

वाटेत हिंबा किंवा हेरेरो या तिथल्या जमातींच्या बायका भेटतात. आधी हाक, नमस्कार, कशा आहात, आणि मग फोटोचं विचारायचं. नाही म्हटलं तर नाही.

पायरी ९: एटोशा, म्हणजे बसणं

१९०७ साली राखीव झालेलं हे अरण्य २२ हजार चौरस किलोमीटरहून मोठं आहे, आणि त्यातलं ४,८०० चौरस किलोमीटरच्या आसपास नुसतं कोरडं, खारट, पांढरं तळं. त्या तळ्यात पिण्याजोगं पाणी नाही. गोड्या पाण्याचे झरे आणि बोअरवेलवरचे पाणवठे मुख्यतः त्याच्या दक्षिणेच्या कडेने आहेत. म्हणजे कोरड्या दिवसांत जनावराला कुठे यावं लागणार हे नकाशावरच दिसतं.

ताडोब्याची सवय असलेल्यांना इथे अवघड जातं. तिकडे फेरीची वेळ ठरलेली, जिप्सी पळत असते आणि "कॉल आला" म्हटलं की सगळे तिकडे. इथे ट्रक पाणवठ्याशी लावून इंजिन बंद. पहिल्या वीस मिनिटांत काकू म्हणाल्या, "अहो, इतक्या वेळात ताडोब्यात दोन पाणवठे झाले असते." काका म्हणाले, "बस ना थोडी. दिलेले पैसे बसण्याचेच आहेत."

मग जिराफ आला. पाण्यापासून पन्नास पावलांवर थांबला आणि मान वर करून सगळी दिशा बघून घेतली. दोन पावलं पुढे आला, परत थांबला. असं करत पाण्याशी पोचायला त्याला पंधरा मिनिटं लागली. पुढचे पाय त्याने थोडे थोडे फाकवले, अगदी उलट्या 'व्ही'सारखे, आणि मान खाली गेली. तोंड पाण्याला लागतं न लागतं तोच कुठेतरी एक स्प्रिंगबोक हरीण बिचकलं. जिराफ झटक्यात उभा, ओठावरून पाण्याची धार लोंबतेय. परत पहिल्यापासून. काकू तोंडावर हात धरून बघत होत्या. पुढे अर्धा तास कोणी घड्याळ पाहिलं नाही.

म्हणून नियम असा: दिवसाला दोन-तीन पाणवठे, प्रत्येकी किमान तासभर. गाइड हलायला लागला तर त्याला "अजून बसू द्या" म्हणून सांगा. बहुतेक वेळा पाहुणेच कंटाळतात म्हणून तो हलतो. जनावरांच्या वागण्यावरून शिका. सगळे ओरिक्स (लांब शिंगांची हरणं) एकाच दिशेला कान रोखून उभे असतील तर दुर्बीण पाण्यावर नको, त्या दिशेच्या झुडपांवर लावा. कॅम्पबाहेर गाडीतून उतरायचं नाही, आणि सूर्यास्ताच्या आत कॅम्पच्या फाटकात हवं.

रात्रीचं वेगळं. ओकाउकुएयो कॅम्पच्या कडेलाच दगडी कठड्यापलीकडे पाणवठा आहे, त्यावर पिवळा दिवा रात्रभर असतो. जेवून, सगळे गरम कपडे घालून, स्लीपिंग बॅग खांद्यावर टाकून तिथल्या बाकावर जाऊन बसा. बोलायचं नाही, फ्लॅश नाही, चिवड्याची पिशवी कुरकुरवायची नाही. आठ-नऊला गर्दी असते, दहानंतर लोक झोपायला जातात. तुम्ही जाऊ नका.

आम्ही सहा जण उरलो होतो. अकराच्या पुढे अंधारातून फुसकारा ऐकू आला, मग एक करडा ठोकळा उजेडात आला. काळा गेंडा. काळा आणि पांढरा दोन्ही करडेच दिसतात, ओळखायचं ओठावरून: काळ्याचा टोकदार, पाला ओढणारा; पांढऱ्याचा रुंद, गवत कापणारा. आसामच्या गेंड्याला एक शिंग, यांना दोन. तो पाण्यात पाय न घालता कडेलाच उभा राहिला आणि पाण्यात उलटा गेंडा दिसू लागला. मागून मादी आली, तिच्या पोटाखाली पिल्लू. दोघं मोठे नाकाला नाक लावून बराच वेळ फुसफुसत उभे. पिल्लू कंटाळून खाली बसलं. आम्ही सगळे कठड्याशी कुडकुडत होतो आणि काकांनी न बोलता स्वतःची माकडटोपी काढून माझ्या हातात दिली.

शेवटच्या दिवशी

तंबू झाडून, पूर्ण वाळवून घडी करा; दुसऱ्याच दिवशी तो दुसऱ्या कोणाचा असतो. गाइड, ड्रायव्हर, स्वयंपाकी यांच्यासाठी बक्षिसी सगळ्यांनी मिळून वेगवेगळ्या पाकिटांत, रोख आणि हातात द्यायची. विमानतळ शहरापासून ४५ किलोमीटरवर आहे, तेवढा वेळ धरा. आणि बूट निघायच्या आधी तिथेच झटका, नाहीतर सुरक्षा तपासणीच्या पट्ट्यावर नामिबचा लाल ढीग पडतो आणि मागची रांग आपल्याकडे बघत राहते.